बराकाला खोली हवी होती

बराका कुठल्याही दारातून आत शिरताना आधी मान खाली घालायचा. दार कितीही उंच असो. आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपचं दार ट्रक आत जाईल एवढं होतं, पण तिथंही तो वाकूनच शिरायचा आणि पोरं हसायची. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाला, "या गावात आल्यापासून तीनदा कपाळ फुटलं. आता माझा कुठल्याच दारावर विश्वास नाही." हे त्यानं हसत सांगितलं. मीही हसलो.

त्याच्याविषयी लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आठवणी कमी आहेत म्हणून नाही. त्या प्रत्येक आठवणीच्या कडेला मीही उभा असतो, आणि तिथं उभा असलेला मी मला आवडत नाही.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती. चंद्रपुरातलं आमचं इंजिनिअरिंग कॉलेज नवीन होतं, होस्टेलचा नुसता पाया खणलेला होता. खाणकामाच्या वर्गात सगळे आजूबाजूच्या जिल्ह्यांतले, आणि एकटा हा टांझानियाचा. त्याच्या देशात सोन्याच्या खाणी आहेत, आपल्याकडे कोळशाच्या. शेवटी खाण ती खाण, असं म्हणून कोण्या एजंटानं त्याला इकडे पाठवलं होतं. नकाशावर नागपूर दाखवून "कॉलेज याच्या बाजूलाच आहे" असंही सांगितलं होतं. त्यामुळे कुणी त्याला "बाजूलाच आहे" म्हटलं, की तो बुटांच्या नाड्या घट्ट करायचा.

बराका म्हणजे त्यांच्या भाषेत आशीर्वाद. पण आमच्याकडे बारका म्हणजे लहानखुरा, काडीसारखा. हा सहा फुटांच्या वर, खांदे दारात न मावणारे. पहिल्या हजेरीला सरांनी नाव वाचलं आणि तो उभा राहिला, तेव्हा अख्खा वर्ग फुटला. त्याला का ते कळलं नाही. नंतर कुणीतरी समजावून सांगितलं, तेव्हा त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "चांगलं आहे. नाव लक्षात राहील." तेव्हापासून तो सगळ्यांचा बारका भाऊ झाला.

फार गोड स्वभावाचा होता असं नाही. कॅरममध्ये सरळ सरळ लबाडी करायचा, आणि पकडलं की स्वाहिलीत भांडायचा, म्हणजे आपल्याला उत्तर देता येऊ नये. कुणी न विचारता फोटो काढला तर दिवसभर बोलायचा नाही. त्याच्याकडे दोन पांढरे शर्ट होते. ते तो रोज स्वतः धुवायचा आणि लोट्यात निखारे घालून इस्त्री करायचा. वरचं बटन कायम लावलेलं. मे महिन्यात, जेव्हा चंद्रपुरात कावळे नळाखाली बसतात, तेव्हाही ते बटन त्यानं उघडलं नाही. त्याची आई शिवणकाम करायची. तिनं सांगितलं होतं, परक्या गावात माणसाची आधी कॉलर पाहतात.

तो बसस्टँडजवळच्या एका लॉजमध्ये उतरला होता. महिना झाल्यावर लॉजवाल्यानं सांगितलं, सणांची गर्दी आहे, खोली सोडा. आमचे एक सर मला म्हणाले, "दिलीप, तू गावचा आहेस. याला एखादी खोली पाहून दे." मी हो म्हणालो. मला बरं वाटलं होतं. परदेशी मुलाला सायकलवर डबलसीट घेऊन गावातून फिरायचं, यात एक ऐट होती. ती ऐट दोनच दिवस टिकली.

पहिलं घर एका निवृत्त हेडमास्तरांचं. त्यांनी आम्हाला चहा दिला, टांझानियाची राजधानी विचारली, पिकं विचारली, पाऊस किती पडतो ते विचारलं. बराका प्रत्येक प्रश्नाचं उत्तर उभा राहून देत होता. अर्ध्या तासानं गुरुजी माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "पोरगा हुशार दिसते. पण आमच्या घरी सून आहे, नाती आहेत. तूच समजून घे बाप्पा."

"काय म्हणाले?" बराकानं बाहेर आल्यावर विचारलं.

"खोली कालच गेली म्हणाले."

दुसऱ्या घरी बाईनं दार अर्धंच उघडलं. मांसमच्छी चालत नाही म्हणाली. मी म्हटलं, तो बाहेर खाईल. मग म्हणाली, पाण्याचा त्रास आहे. मी म्हटलं, तो विहिरीवरून आणेल. मग तिनं दार लावून घेतलं. मी बराकाला म्हणालो, "यांचीही कालच गेली."

असं चालू राहिलं. दुपारी कॉलेज सुटलं की आम्ही निघायचो. एकदा बल्लारपूरपर्यंत जाऊन आलो. सगळीकडे तेच. कुठं पाहुणे येणार होते, कुठं मालक गावाला गेले होते, कुठं दिवाळीनंतर पाहू. मी प्रत्येक वेळी इंग्रजीत काहीतरी बरं वाटेल असं सांगायचो. एक दिवस सायकलच्या मागच्या सीटवरून तो शांतपणे म्हणाला, "दिलीप, तुमच्या गावात काल हा फार मोठा दिवस असला पाहिजे. सगळ्यांच्या खोल्या कालच जातात."

मला वाटलं तो थट्टा करतोय.

दार वाजवण्याआधी तो ओठांतल्या ओठांत एक शब्द म्हणायचा, शिकामू. त्यांच्याकडे मोठ्या माणसाला भेटलं की हे म्हणतात. अर्थ विचारला, तर म्हणाला, "मी तुमचे पाय धरतो." मी म्हटलं, आमच्याकडेही हेच म्हणतात, पाया पडतो. तो एवढा खूश झाला, की पुढच्या दारात त्यानं मोठ्यानं "पाया पडतो" म्हटलं. दार उघडणारा किराणा दुकानदार दचकलाच. मग बराकाकडे वरून खाली पाहत मला म्हणाला, "खोली आहे, पण लाइट गेली तं हा दिसन का मले?"

आणि मी हसलो.

ते हसणं आठवलं की आजही माझे कान तापतात. तो विनोद चांगला नव्हता, मला हसू आलंही नव्हतं. दुकानदार हसला म्हणून मी हसलो. आणि आपला मित्र हसतोय असं पाहून बराकाही हसला. आम्ही तिघं त्या दुकानाच्या पायरीवर हसत उभे होतो.

त्याच संध्याकाळी त्यानं मला एक वही दाखवली. तो मराठी शिकत होता. मला न सांगता, नुसतं ऐकून, रोमन लिपीत त्यानं वाक्यं लिहून ठेवली होती. खोली गेली. पाहुणे येणार आहेत. दिवाळीनंतर पाहू. आमच्या घरी सून आहे. अर्थ त्याला ठाऊक नव्हते. ते त्यानं मला विचारले. मी एकेक सांगत गेलो. चौथ्या, गुरुजींच्या वाक्याखाली त्यानं पेननं एक रेघ ओढली. मग म्हणाला, "मला अक्षरंही शिकव. म्हणजे तुला रोज यावं लागणार नाही. कुठली पाटी वाचायची तेवढं सांग."

मी त्याच्या वहीत मोठ्या अक्षरांत लिहून दिलं : खोली भाड्याने देणे आहे. ते त्यानं पंधरा-वीस वेळा गिरवलं. त्याचा 'भ' नेहमी 'म'सारखा व्हायचा.

आता जे सांगायचं ते सांगतो. ही पाटी लिहून देत होतो, तेव्हा अगदी हीच पाटी आमच्या घराच्या फाटकावर लटकत होती.

आमचं घर लहान, पण वर एक खोली होती, जिना बाहेरून. आधीच्या भाडेकरूची बदली झाल्यावर बाबांनी पत्र्याची पाटी लावली होती. महिनाभर ती तिथं होती. रोज मी त्या पाटीखालून सायकल काढायचो आणि बराकाला खोली शोधायला जायचो. एकदाही मी घरी विषय काढला नाही. ताईसाठी स्थळं पाहणं चालू होतं. समोर राहणाऱ्या काकांना सगळ्या गल्लीची काळजी होती. आई नाही म्हणेल, बाबा नाही म्हणतील, हे मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. त्यांच्या तोंडची वाक्यंही मीच तयार केली होती.

त्याला अक्षरं शिकवल्यावर मला धास्ती बसली. तो संध्याकाळी पायी फिरायचा. दोन-तीन दिवस मी स्वतःला समजावलं, की तो आमच्या वस्तीकडे कशाला येईल. मग एका सकाळी बाबा ऑफिसला गेल्यावर मी पक्कड घेतली, तार तोडली आणि पाटी पलंगाखाली टाकली. आईला सांगितलं, वाऱ्यानं पडली, नंतर लावू.

पुढच्या आठवड्यात तो कॉलेजात मला म्हणाला, "आता फिरायला नको. मिळाली."

तलावाच्या पाळीखाली, बांधाला लागून, ढिवरांची म्हणजे मासेमारांची दहा-पंधरा घरं होती. तिथं सोनाबाई राहायची. साठीकडे झुकलेली, विधवा, पहाटे तलावावरून मासोळी आणायची आणि टोपलीत घेऊन विकायची. बराका एका दुपारी एकटाच पाळीवर जाऊन बसला होता. म्वांझा हे त्याचं गाव एका तलावाच्या काठी आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे तो तलाव एवढा मोठा, की पलीकडचा काठ दिसत नाही. आमच्यापैकी कुणाचाच यावर विश्वास नव्हता. त्याचे आजोबा मासेमार होते. सोनाबाई अंगणात फाटकं जाळं घेऊन बसली होती आणि तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. हा उठला, तिच्या हातातून सुई घेतली, दोरा ओवला, आणि परत द्यायच्याऐवजी तिथंच बसून जाळं विणायला लागला. गाठ वेगळ्या पद्धतीची होती, पण घट्ट होती. सोनाबाईनं ओढून पाहिली.

पुढचं तिनंच मला सांगितलं. तिनं विचारलं, "कोनाचा गा तू?" त्याला समजलं नाही. मग विचारलं, "मासोळी खातेस का?" मासोळी हा शब्द त्याला ठाऊक होता, कारण तो कितीतरी दारांवर ऐकला होता. प्रत्येक ठिकाणी त्यानंतर दार लागत होतं. तो थोडा घाबरला, पण खोटं बोलणं जमेना, म्हणून म्हणाला, "हो."

"मंग राय इथी," सोनाबाई म्हणाली. "मा पोराची खोली हाय. तो जिवतीकडे रोडच्या कामावर गेला, दोन वर्सं झाले, आला नाई."

खोली म्हणजे कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेली जमीन आणि एक खाट. खाटेतून त्याचे पाय वीतभर बाहेर यायचे. त्यानं खाटेच्या पायथ्याशी एक खोकं ठेवलं आणि त्यावर पाय ठेवून झोपायला लागला. दोन पांढरे शर्ट दोरीवर आले. एका रविवारी त्यानं ज्वारीच्या पिठाचा घट्ट गोळा शिजवला, त्यांच्याकडचं रोजचं जेवण म्हणून मोठ्या थाटात सोनाबाईपुढे ठेवला. तिनं एक घास खाल्ला आणि म्हणाली, "हा तं आपला ज्वारीचा घाटाच होय. मीठ नाई टाकलं काऊन?"

रोज सकाळी तो तिला शिकामू म्हणायचा. त्याला उत्तर द्यायचं असतं मराहाबा, म्हणजे बरं, मान्य. सोनाबाई "मऱ्हाबा, मऱ्हाबा" म्हणायची आणि टोपली उचलायला लावायची. वर्षभरात तो जी मराठी बोलायला लागला ती सोनाबाईची होती. तोंडी परीक्षेला पुण्याकडचे परीक्षक आले होते. त्यांनी इंग्रजीत प्रश्न विचारला आणि हा गडबडून म्हणाला, "सर, मले आठवून नाई राह्यलं." परीक्षकांनी चष्मा काढून पुसला.

खोली मिळाल्यावर दोन-तीन आठवडे तो वर्गात माझ्या बाजूला बसला नाही. शेवटच्या बाकावर जाऊन बसायचा. मी म्हटलं, नवीन घर आहे, दगदग असेल. मग एक दिवस आपणहून परत आला आणि माझं पेन मागितलं. मीही काही विचारलं नाही.

सोनाबाईकडे माझं जाणं-येणं सुरू झालं होतं. एका दुपारी मी अंगणात बसलो असताना पाळीवरच्या पक्क्या घरांतली तीन माणसं आली. बराका आत होता, सोनाबाई मासोळी साफ करत होती.

"बाई, कोनाले ठेवलं घरात?" त्यातला पांढऱ्या टोपीवाला म्हणाला. "कोन गावचा, कोन जातीचा, काही मालूम तरी आहे का?"

"तलावाच्या काठचा हाय," सोनाबाई मान वर न करता म्हणाली. "जाळं विनते. अजून का मालूम करू?"

"उद्या काही झालं तं जिम्मेदारी कोनाची?"

"भाऊ, तुमच्या घरी भाड्यानं राह्यते तो बँकवाला दारू पिऊन नालीत पडते. त्याची जिम्मेदारी पुसाले मी आली का कधी?"

टोपीवाल्यानं टोपी सारखी केली. मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. बाबांमुळे तो मला ओळखत होता. "तू तं शिकला-सवरलेला आहेस. याचा दोस्त म्हणवतेस. तू गॅरंटी घेतेस का याची?"

मी म्हणालो, "मी नुसता याच्या वर्गात आहे."

सोनाबाईनं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. हातातली विळी तशीच. मग म्हणाली, "त्याले पुसून का फायदा. घर माहं हाय, मी घेते गॅरंटी. जा आता, मासोळीले मुंग्या लागून राह्यल्या."

ती माणसं गेली. आत पडद्यापलीकडे बराका वहीची पानं उलटत होता. त्याला तोवर सगळी मराठी समजत होती. थोड्या वेळानं तो बाहेर आला, मला विचारलं, "चहा घेशील?" आणि मी घेतला.

तिसऱ्या वर्षी श्रावणात चार दिवस सारखा पाऊस लागला. नदी फुगली, नाल्याचं पाणी उलटं फिरलं, आणि पाळीखालच्या घरांत मांडीएवढं पाणी शिरलं. लोकांना जवळच्या शाळेत हलवलं होतं. मी सकाळी तिथं गेलो. व्हरांड्यात माणसं, भांडी, शेळ्या सगळं एकत्र होतं. बराका गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला. शर्टाचं वरचं बटन मात्र लावलेलं. सोनाबाई एका बाकावर गोधडी पांघरून बसली होती आणि तिला ताप होता.

बराका मला बाजूला घेऊन गेला. "दिलीप, एक काम हाय. बाईले तुमच्या घरी ने. वरच्या खोलीत ठेवजो. पानी उतरेपर्यंत."

तो आमच्या घरी कधीच आला नव्हता. मी त्याला कधी बोलावलं नव्हतं. मी विचारलं, "वरची खोली तुला कशी माहीत?"

"पाटी वाचली होती ना," तो म्हणाला. मग सावकाश, शब्द जुळवत सांगितलं. अक्षरं शिकल्यावर दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी तो फिरत आमच्या गल्लीत आला होता. फाटकावरची पाटी त्यानं पूर्ण वाचली. कुणाच्या मदतीशिवाय वाचलेली त्याची ती पहिली मराठी ओळ. तो खूश झाला होता. बाहेरच्या जिन्यावरून वरची खोलीही त्यानं ओळखली. दार वाजवणार, तेवढ्यात आत माझी सायकल दिसली.

"मग विचारलं काऊन नाही?" मी म्हणालो.

"मी वाट पाहून राह्यलो होतो. तू सांगशील म्हणून. दोन दिवस पाह्यली. मंग पुन्हा आलो, तं पाटी नव्हती."

एवढंच तो म्हणाला. त्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. तो व्हरांड्याच्या टोकाला सोनाबाईकडे पाहत होता, तिला आम्हा दोघांना धरून नेता येईल का, याचा अंदाज घेत होता. "मी इथंच राहतो," तो म्हणाला. "मले ताप नाई. तिले घेऊन जा."

मी घरी धावत गेलो आणि आईला सांगितलं. वाटेत मी तिला पटवायची वाक्यं तयार केली होती. त्यांतलं एकही लागलं नाही. आई म्हणाली, "आन ना मंग. मागचा भाडेकरू गेला तवापासून खोली रिकामीच तं आहे. टोपली तेवढी जिन्याखाली ठेवाले सांग, वास येते." मग चुलीवर पाणी ठेवता ठेवता म्हणाली, "आणि तो पोट्टा? त्याले काऊन शाळेत ठेवलं?"

"तो नाही म्हणतो."

ती माझ्याकडे वळली. "तीन वर्सं झाले तू त्याच्या गोष्टी सांगून राह्यला. तो खोली धुंडत होता तवाही आपली रिकामीच होती नं? मले सांगितलं काऊन नाही?"

"मले वाटलं तू नाही म्हणशील."

आईनं चुलीतलं लाकूड आत सारलं. पातेल्यातलं पाणी तिनं उगाचच ढवळलं. "म्हटलंही असतं कदाचित," ती म्हणाली. "पण विचारलं तं असतं."

सोनाबाई सहा दिवस आमच्या वरच्या खोलीत राहिली. ताईनं तिला पेज करून दिली. समोरच्या काकांनी फाटकात उभं राहून चौकशी केली आणि आईनं त्यांना सांगितलं, आमच्याकडे पाहुणी आहे. गल्लीत आणखी काहीही झालं नाही. ज्याची भीती तीन वर्षं मी जपून ठेवली होती, ते एका वाक्यात संपलं. बराका रोज संध्याकाळी तिला पाहायला यायचा आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसायचा. आई त्याला वर जा म्हणायची. तो म्हणायचा, "इथीच बरं हाय, बाई." त्या खोलीत त्यानं पाऊल ठेवलं नाही. हट्टी होताच तो.

त्यानंतर आमची मैत्री तुटली नाही. उलट शेवटच्या वर्षी आम्ही जास्त एकत्र होतो. एकत्र अभ्यास, एकत्र जर्नल, कॅरम. फक्त माझं एक बोलायचं राहून जायचं. रोज वाटायचं, आज म्हणू. शब्द फार नव्हते. माझं चुकलं, एवढेच दोन.

तो गेल्यावर त्याची दोन पत्रं आली. दोन्ही सोनाबाईच्या नावावर, देवनागरीत, 'भ' तसाच 'म'सारखा. वाचून दाखवायला ती मला बोलवायची. पत्रात त्यानं आपल्या गावच्या मासोळीचे प्रकार लिहिले होते, आईची तब्येत लिहिली होती, आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी माझ्या आईला नमस्कार. ते मी वाचून दाखवायचो. माझ्यासाठी काही आहे का, हे पुढचं पान उलटून पाहायचो. दुसऱ्या पत्रात एक ओळ होती, "बाई, दिलीपचा आवाज तुले ऐकू येते ना नीट? हळू वाचते तो."

पण मला तो दिसतो तो त्याच्या जाण्याच्या आदल्या दिवशीचा. मे महिना होता, परीक्षा संपली होती, दुसऱ्या दिवशी त्याची गाडी. आज बोलायचंच, असं ठरवून मी सकाळी पाळीखाली गेलो. घराशी पोचलो तर अंगणात कुणी नाही. वरून आवाज आला. बराका छपरावर होता. पावसाआधी सोनाबाईच्या घराचे कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फेरून देत होता. फुटलेले काढायचे, चांगले सारखे करून लावायचे, मधल्या फटींत नवे घालायचे. अंगावर बनियान, डोक्याला सोनाबाईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधलेला. एवढा मोठा माणूस, आणि छपरावर मांजरासारखा, एकेक पाऊल वाशावर तोलून टाकत होता.

"त्या कोपऱ्यात पाय नको देजो," सोनाबाई खालून ओरडत होती. "तिथला वासा सडला हाय."

"मालूम हाय, बाई."

"मालूम हाय म्हन्ते आन तिथीच जाते."

खाली नव्या कवेलूंचा ढीग होता. त्यानं मला पाहिलं आणि हात पुढे केला. मी एक कवेलू उचलून वर दिला. त्यानं तो बसवला, पुन्हा हात पुढे केला. मी दुसरा दिला. ऊन चढत होतं. माझ्या हातांना लाल माती लागली होती. आमच्या दोघांच्या मध्ये फक्त छपराची कड होती आणि सोनाबाई पाणी आणायला आत गेली होती. यापेक्षा चांगली वेळ मिळणार नव्हती.

"बराका," मी म्हणालो. "तेव्हा मी..."

तो थांबला. छपरावर टेकून त्यानं माझ्याकडे पाहिलं. घामानं त्याचे डोळे बारीक झाले होते. त्यानं ऐकायची पूर्ण तयारी ठेवली होती. हे मी नंतर कितीतरी वेळा आठवून पाहिलं आहे. त्यानं मला अडवलं नाही, मान वळवली नाही. तो वाट पाहत होता.

मी खाली वाकलो आणि पुढचा कवेलू उचलला.

त्यानं तो माझ्या हातातून घेतला, उन्हात धरून फुटलाय का ते पाहिलं, आणि मागं वळून, गुडघ्यांवर सरकत, छपराच्या पलीकडच्या उतारावर गेला.